खाली कोणीतरी दोर मोजतो

१

आमचं दुकान दोरांचं. पुडी बांधायच्या सुतळीपासून ट्रक आवळायच्या जाड दोरखंडापर्यंत, जे जे पिळलेलं असतं ते सगळं आमच्याकडे मिळतं. गिऱ्हाईक मस्करीत विचारतं, "शेठ, पाहुण्यांना बांधून ठेवायला कुठला चांगला?" मी सांगतो, "पाहुण्यांना बांधावं लागत नाही हो, ते आपणहून हलत नाहीत." गिऱ्हाईक हसलं की निम्मा सौदा झाला.

दुकान अरुंद आणि लांबलचक आहे. पुढे माझी बैठक, मध्ये भिंत, भिंतीमागे एक बिनखिडकीची खोली. दोरांची सगळी वेटोळी तिथे लोखंडी दांड्यांवर टांगलेली असतात. भिंतीला मूठ जाईल एवढं भोक आहे. त्या भोकातून दोर बाहेर येतो आणि मी तो छातीवर वावेने मोजतो. वाव म्हणजे दोन्ही हात पसरले की या बोटापासून त्या बोटापर्यंतचं अंतर. आत माझा थोरला भाऊ, अण्णा, दोर सोडत असतो. हवा तेवढा मोजून झाला की मी दोन झटके देतो. अण्णा वर वीतभर जास्त सोडतो आणि मग कापतो. वीतभर जास्त का, तर गिऱ्हाइकाने घरी जाऊन कसाही मोजला तरी तो कमी भरू नये.

आणखी एक खूण आहे, ती आतून येते. दोर सोडताना अण्णाला कुठे कुजका पीळ लागला, तर तो दोर धरून ठेवतो आणि एकच लांब, सावकाश ओढ देतो. त्याचा अर्थ, माल खराब आहे, परत दे. मी लगेच हात जोडतो. "साहेब, हा तुकडा तुम्हाला देण्यासारखा नाही." एकदा एका तंबूवाल्याला वाटलं मी भाव वाढवायला नाटक करतोय. तो तरातरा आत गेला आणि कुजका पीळ स्वतःच्या नखाने सोलून बघून आला. त्यानंतर त्याने दुसरीकडून दोर घेतला नाही, जावयालाही घेऊ दिला नाही.

अण्णा आत आणि मी बाहेर का, हेही सांगतो. त्याचे हात लांब, माझे आखूड. त्याने मोजायचं म्हटलं असतं तर प्रत्येक वावेला आमचं नुकसान. वडिलांनी एकदाच दोघांना शेजारी उभं करून हात पसरायला लावले आणि अण्णाला म्हणाले, "तू आत बस."

२

वडील लवकर गेले. माझी शाळा सुटली ती मला आवडत नव्हती म्हणून. अण्णाची सुटली ती मला दोन वेळा जेवायला लागायचं म्हणून. हिशेब, भाव, माणसं ओळखणं, जे काही मला येतं ते त्या भोकाच्या अलीकडे बसून आलं, आणि मला तिथे बसता आलं ते पलीकडे अण्णा होता म्हणून. हे मी त्याला कधी तोंडाने सांगितलेलं नाही. भावाभावांत असलं बोललं की दोघांनाही कुठे बघावं ते कळत नाही.

त्याला नाद एकच, मासे धरायचा. तोही शरदातला मागूर. उन्हाळ्यातला मागूर आळशी असतो म्हणे, आणि थंडी पडली की चिखलात तोंड खुपसून बसतो. मधल्या दिवसांत मात्र तो भुकेला असतो. मिशा हलवत तळाशी फिरतो आणि कोंबडीच्या काळजाच्या तुकड्यासाठी काहीही करतो. आणि एवढा नाद असून अण्णाला पोहता येत नाही.

"मासे कुठे माझ्या घरी चालत येतात?" तो म्हणायचा. "तरी मी त्यांना घरी आणतोच ना? मग मला त्यांच्याकडे पोहत जायची काय गरज?"

म्हणून सुट्टीच्या सकाळी मी बरोबर जायचं, असा वहिनींचा हुकूम होता. त्या सकाळीही त्यांनी चहाचा थर्मास माझ्या हातात दिला आणि चप्पल घालेपर्यंत बजावत राहिल्या.

"भावजी, ह्यांना उभं राहू देऊ नका होडीत. मासा लागला की ह्यांना भान नसतं."

"वहिनी, मासा लागायला मासा यायला तर हवा."

"ऐकलं मी!" अण्णा गल्लीतून ओरडला.

३

होडी आम्ही काठावरच्या म्हाताऱ्या होडीवाल्याची घेतो. त्याला सगळे बोळका म्हणतात. पुढचे दात गेलेत आणि त्याला त्याचं काही वाटत नाही. नांगरासाठी आणलेलं आमचं नवंकोरं वेटोळं बघून तो म्हणाला, "एवढा दोर? हे तळं आहे शेठ, विहीर नव्हे. तळ इथे लगेच लागतो."

"दोरवाल्याच्या होडीत दोर कमी पडला तर लोक काय म्हणतील?" अण्णा म्हणाला.

धुकं होतं. वल्ह्याचं टोक दिसायचं, त्यापुढचं नाही. नेहमीच्या जागी, म्हणजे अण्णाच्या नाकाला जी नेहमीची वाटते तिथे, मी दगडाचा नांगर सोडला. तो लगेच तळाला टेकला. दोराला ढील दिली आणि उरलेलं वेटोळं पायाशी ठेवलं. होडी लहान, त्यामुळे आम्ही पाठीला पाठ लावून बसतो. गळ एकमेकांत अडकत नाहीत आणि तोलही राहतो. मला त्याची पाठ लागते, तो हसला की हलते.

अण्णाने काळजाचा तुकडा गळाला लावला, बाकीचे तुकडे आणि सुरी माझ्याकडे सरकवली. पाणी अगदी स्वस्थ होतं. कुठेतरी एखादं पान पडलं तरी ऐकू येईल अशी सकाळ. मी चहा ओतला आणि मनात म्हटलं, आपलं बरं चाललंय. खरंच असं म्हटलं. माणूस असं फार वेळा म्हणत नाही.

तेवढ्यात पायाशी काहीतरी सरकलं.

४

वेटोळ्यातला दोर होडीच्या काठावरून पाण्यात जात होता.

आधी मी लक्ष दिलं नाही. होडी सरकत असेल. पण होडी सरकली की दोर तिरका होतो, हा सरळ खाली जात होता. प्रवाह म्हणावा तर तळ्याला कसला प्रवाह? एखादा मोठा मागूर दोरात गुंतला असेल, असंही वाटून गेलं. पण गुंतलेला मासा हिसके देतो. इथे हिसका नव्हता. दोर जायचा, थांबायचा. पुन्हा तेवढाच जायचा, थांबायचा.

मी उभं आयुष्य दोर हातात घेऊन काढलंय. ती थांबायची तऱ्हा मला झोपेतही ओळखू येईल. हात पसरून दोर ताणला, बोटाने खूण धरली, हात पुन्हा जवळ आणले. तेवढाच तो वेळ.

खाली कोणीतरी मोजत होतं.

मी स्वतःला म्हटलं, बाबा रे, तुला सगळीकडे दुकान दिसतं. लग्नात बसलास तरी मांडवाचे दोर मोजतोस. मग मी एक गोष्ट केली, ती करायला नको होती. एका वेळी दोर किती जातो ते डोळ्यांनी मापलं. ती वाव अण्णाच्या वावेपेक्षा मोठी होती. बरीच मोठी. एवढे हात माणसाला नसतात.

"अण्णा," मी हळूच म्हणालो.

"श्श. आलाय."

"अण्णा, दोर बघ जरा."

"दोर काय पळून जातोय? आलाय म्हणतो ना. मिशा लावतोय नुसत्या, लबाड."

होडीच्या तळाच्या फळीतून माझ्या तळपायांना आवाज लागला. कानाला नाही, पायांना. वरच्या मजल्यावर बसलेलं असताना खालच्या खोलीत कोणी खुर्ची मागे सरकवून उठावं, तसा.

५

पुढचं फार पटकन झालं. अण्णाच्या पाठीचा आधार गेला, म्हणजे तो उभा राहिला. "धाकट्या, केवढा आहे रे!" एवढं मी ऐकलं. होडी कलली, थर्मास गडगडला, मी काठ धरला. मागे वळलो तर होडीत मी एकटा.

पाणी उडाल्याचा आवाज झालाच नाही. धडपड नाही, बुडबुडे नाहीत. फक्त एक गोल लाट सावकाश मोठी होत धुक्यात गेली.

मी ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही, "अण्णा"च असणार. पोहता मलाही जेमतेम येतं. उडी मारायला एक पाय काठावर ठेवला होता, तेवढ्यात दोर हातात आला, का कोण जाणे, आणि हातातल्या हातात त्याने दोन झटके दिले.

एक. दोन.

माझ्या हातांनी माझं ऐकलं नाही. सगळ्या आयुष्याची सवय. अण्णा आत करायचा तेच त्यांनी केलं. वर वीतभर दोर सोडला. आणि उजवा हात सुरीकडे गेला.

सुरीचं पातं दोराला टेकलं होतं, तेव्हा मला समजलं मी काय करतोय ते. आमच्याकडे दोर कापला की सौदा पुरा. मग माल गिऱ्हाइकाचा.

मी सुरी पाण्यात फेकून दिली. ती पुन्हा हाताशी राहू नये म्हणून.

आता काय? ओरडून उपयोग नव्हता, उडी मारून दोघंही गेलो असतो. मी धंदेवाला माणूस. समोरचा जर मोजतो, झटके देतो, म्हणजे त्याला दुकानाची रीत माहीत आहे, आणि रीत माहीत असलेल्या माणसाशी बोलता येतं. मी दोर दोन्ही हातांनी घट्ट धरला, गुडघे फळीला टेकले आणि एकच ओढ दिली. लांब, सावकाश, अण्णा द्यायचा तशी.

माल खराब आहे. परत दे.

खाली सगळं थांबलं. दोर माझ्या आणि त्याच्यामध्ये ताणलेला राहिला. ना तो ओढत होता, ना सोडत होता. गिऱ्हाईक विचार करतं तेव्हा गप्प बसावं, हे मला त्या भोकाशी बसून कळलेलं आहे. मी गप्प बसलो. आयुष्यात तेवढा कधी गप्प बसलो नसेन.

मग दोर सैल झाला.

६

मी ओढत सुटलो. आधीचा दोर ओला आला, चिखल लागलेला, थंडगार. त्यापुढचा दोर कोरडा आला.

कोरडा म्हणजे अगदी कोरडा. दांडीवरून आत्ता उतरवल्यासारखा. त्यावर बारीक धूळ होती, आणि तो उबदार होता, दिवा लावलेल्या बंद खोलीत ठेवलेली वस्तू असते तसा. तो पाण्यातून वर येत होता आणि भिजत नव्हता. मी ते बघितलं आणि ओढत राहिलो. त्या वेळी तो पेटलेला आला असता तरी मी ओढला असता.

टोकाला अण्णा होता. नांगराचा दगड नव्हता. दोर त्याच्या कमरेभोवती आणि खांद्यावरून आडवातिडवा घेऊन नीट बांधला होता, वर गाठीचा फास, उचलायला सोपा. दूरच्या गावी माल पाठवायचा असला की आम्ही अशीच बांधणी करतो.

त्याला काखेत धरून आत घेताना मी एकदाच खाली पाहिलं. बघायचं नव्हतं, पण मान तिकडेच होती. खोल, बोळका म्हणतो त्या तळाच्या कितीतरी खाली, एक पिवळा चौकोन होता. जिन्याच्या वरून खालच्या उघड्या दाराकडे बघावं तसा. त्या उजेडात बाही कोपरापर्यंत दुमडलेला एक हात आडवा पसरलेला होता. दुसऱ्या हाताचं टोक चौकोनाबाहेर, कुठपर्यंत गेलं होतं ते दिसलं नाही.

मग चिखल वर आला आणि पाणी गढूळ झालं.

अण्णाचे केस कोरडे होते. शर्ट कोरडा. हातात त्याची गळाची काठी, तिला दोरी व्यवस्थित गुंडाळलेली आणि गळ बुचात खोचलेला. आणि तो श्वास घेत होता. मी त्याच्या छातीवर डोकं ठेवून लहान पोरासारखा रडलो. कोणाचे आभार मानत होतो मला माहीत नव्हतं, पण मानत होतो, मोठ्याने, धुक्याकडे तोंड करून.

काठावर बोळका म्हणाला, "आज काही नाही लागलं वाटतं?"

"लागलं," मी म्हटलं. "पुष्कळ लागलं."

७

वहिनींना मी काही सांगितलं नाही. कोरड्या कपड्यांत परत आलेल्या माणसाबद्दल सांगणार तरी काय? अण्णा दिवसभर झोपला. संध्याकाळी मी त्याच्या उशाशी बसलो होतो, तेव्हा त्याने डोळे उघडले आणि तो आधी हसलाच.

"मला खराब माल ठरवलास की रे!"

मी हातातली वाटी खाली ठेवली.

"तुला कळलं?"

"कळणार नाही? माझीच खूण. त्यालाही कळली होती. पण खात्री करायला त्याने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. म्हटलं, हो, आमच्यात याचा अर्थ माल परत."

"अण्णा, तो कोण?"

"मला काय माहीत? दिवा त्याच्या पाठीमागे होता, तोंड दिसलं नाही. पण माणूस भला. एका शब्दाने वाद घातला नाही. स्वतः बांधून दिलं. आपल्याकडे येणारी गिऱ्हाइकं बघ, सुतळी परत द्या म्हटलं तरी आपल्या सात पिढ्या काढतात. खोलीही चांगली होती. कोरडी. दोर कुठे कुठे टांगलेले, नुसते दोर. मला तर घरच्यासारखंच वाटलं."

मी त्याचं पांघरूण सारखं केलं.

"निघताना म्हणाला, पुन्हा या. मलाही बरं वाटेना असंच निघायला. एवढी उस्तवार केली माणसाने. म्हटलं, पुढच्या शरदात येतो, धाकट्यालाही घेऊन येतो."

असं सहज, शेजारच्या दुकानदाराला म्हणावं तसं. अण्णाला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. त्याने गिऱ्हाइकाला दिलेला शब्द कधी मोडलेला नाही, आणि भल्या माणसाला दिलेला तर नाहीच.

८

त्यानंतरचं वर्ष मला मिळालं ते वीतभर दोरासारखं वरचं मिळालं, असं मी धरतो. अण्णा रोज आत बसला, मी बाहेर. त्याची मुलगी सासरहून आली, राहून गेली. वहिनींच्या गुडघ्याचं दुखणं कमी झालं. दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी उगाचच दोर थोडा ओढायचो, आतून अण्णा "काय रे?" म्हणायचा, आणि मी म्हणायचो, "काही नाही." एवढ्यासाठी माणूस किती देईल, ते मला आता विचारा.

हवा बदलली तसा तो पहाटे उठायला लागला. शहाण्यासारखा अंघोळ करून, कपडे घालून दाराशी बसतो. विचारलं तर म्हणतो, "मागूर भुकेला झाला असेल." मी आज नको, उद्या बघू, करत राहिलो. परवा तो घरात नव्हता. बोळक्याला सापडला, गुडघाभर पाण्यात उभा. बोळका म्हणाला, "कोणाशी तरी बोलत होते शेठ, अगदी अदबीने. उशीर झाल्याबद्दल माफी मागत होते. म्हणाले, धाकटा कामात असतो."

तेव्हा मी ठरवलं. अण्णाला कोंडून ठेवता येईल, पण किती दिवस? आणि ज्याला कोंडून ठेवावं लागतं तो अण्णा मला कशाला हवा? खालच्या माणसाने मला अण्णा परत दिला. घेतलेला माल परत देणारे, तेही वाद न घालता, मी बाजारात फार थोडे पाहिलेत. अशा माणसाचे आभार निरोप पाठवून मानायचे नसतात. स्वतः जावं लागतं. आणि अण्णाचा शब्दही पुरा होईल. शब्द कोणी पुरा केला याला आमच्या धंद्यात महत्त्व नाही, पुरा झाला याला आहे.

काल मी अण्णाच्या मुलीच्या नवऱ्याला बोलावून पुढच्या बैठकीवर बसवलं. त्याचे हात माझ्याहून थोडे लांब आहेत, वावेमागे थोडं नुकसान होईल, चालेल. आज सकाळी अण्णा बाहेर काठ्या बांधत होता, खुशीत, शीळ घालत. बाहेर धुकं होतं. वहिनींनी थर्मास माझ्या हातात दिला.

"भावजी, जेवायला वेळेवर या हं दोघं. ताट वाढून ठेवते."

मी वाकून त्यांच्या पाया पडलो. त्या चपापल्या. "अहो, आज काय हे?"

"उगाच," मी म्हणालो. "अण्णा वेळेवर येईल, वहिनी. अगदी वेळेवर येईल."